एकच त्सुनामी, पण नागपट्टणमला वेगळी आणि मालदीवला वेगळी, असं का? समुद्राच्या तळाचा काय संबंध?

हर्णैचा_पोर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे, थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या. मी मूळचा हर्णैचा, आता नोकरीसाठी पुण्यात. बाबा मासेमारी करायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर होडीत गेलो की ते दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडायचे, तळाला टेकलं की दोन्ही हात पसरून दोरी वाव वाव मोजत वर घ्यायचे आणि म्हणायचे, आठ वाव पाणी, खाली चिखल. शिशाच्या बुडाला ग्रीस फासलेलं असायचं, त्याला काय चिकटून आलं ते बघून तळ वाळूचा की चिखलाचा ते कळायचं. तेव्हापासून मला समुद्राच्या वरच्या पाण्यापेक्षा खालच्या जमिनीचंच कुतूहल जास्त.

तर २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी घ्या. भूकंप एकच, सुमात्राजवळ. नागपट्टणम जिल्ह्यात ६ हजारांवर माणसं गेली. मालदीवची बेटं समुद्रापेक्षा जेमतेम दीड मीटर उंच, ती तर अख्खी धुऊन निघायला हवी होती, पण तिथले बळी शंभरच्या आसपास. एकेक जीव मोलाचाच आहे, पण हिशोब लागत नाही. बांगलादेशात फक्त दोन बळी. आणि केरळ तर उगमाकडे पाठ करून बसलंय, मध्ये श्रीलंका आणि तामिळनाडू आडवे, तरी कोल्लमजवळच्या आलप्पाडमध्ये घरंच्या घरं गेली.

सगळीकडे वाचायला मिळतं की "समुद्रतळाच्या रचनेवर अवलंबून असतं". पण लाट तर वर असते ना? चार किमी खाली डोंगर असला काय आणि खड्डा असला काय, वरच्या लाटेला त्याचं काय? आणि आपल्या कोकणासमोरचा तळ कसा आहे, त्याने आपलं भलं होतं की वाईट? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा.

उथळपाणी

खूप छान प्रश्न विचारलात. मी समुद्रविज्ञान शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

"लाट तर वर असते" इथेच सगळी गोम आहे. वाऱ्याने उठलेली रोजची लाट खरोखरच वरच असते. तिची लांबी, म्हणजे एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचं अंतर, शंभर मीटर धरलं तर पन्नास मीटर खाली पाणी जवळपास शांत. खोल गेलेल्या पाणबुडीला वरच्या वादळाचा पत्ता लागत नाही तो त्यामुळेच. त्सुनामी तशी नाही. भूकंपात तळच वरखाली होतो, त्याच्यावरचं चार किमीचं पाणी तळापासून वरपर्यंत एकदम हलतं, आणि जी लाट निघते तिची लांबी दोनशे-अडीचशे किमी असते. आता अडीचशे किमी लांबीच्या लाटेला चार किमी खोली म्हणजे काय? काहीच नाही. तुमच्या अंगणात साचलेलं पावसाचं पाणी असतं ना, त्या हिशोबात. त्सुनामीला अख्खा महासागरच उथळ वाटतो, म्हणून उगमापासून किनाऱ्यापर्यंत ती सगळा वेळ तळ चाचपडतच येते. तळावरचा प्रत्येक मोठा डोंगर आणि दरी तिला जाणवते.

वेग तर पूर्णपणे खोलीवरच ठरतो. खोली मीटरमध्ये घ्या, ९.८ ने गुणा, वर्गमूळ काढा, की सेकंदाला किती मीटर ते मिळालं. ४००० मीटर पाण्यात ताशी साधारण ७१० किमी, विमानाच्या जवळपास. १०० मीटर पाण्यात ताशी ११०. १० मीटरला ताशी ३५-३६, म्हणजे गर्दीच्या रस्त्यावरची रिक्षा. आता असं बघा की लाटेचं तोंड उथळ पाण्यात आलं आणि मंदावलं, पण शेपूट अजून खोल पाण्यात आहे आणि ते ताशी पाचशे-सातशेने मागून रेटतंय. मग लाट आवळत जाते, अडीचशे किमीची लाट दहा-बारा किमीत येते, आणि तीच ऊर्जा कमी जागेत बसवायची तर पाण्याला वर चढण्यावाचून इलाज नाही. किती चढेल त्याचा ढोबळ नियम असा, की खोली सोळा पट कमी झाली की उंची दुप्पट. ४००० मीटरवरून १० मीटरवर आलात तर साधारण साडेचार पट. २००४ ला भूकंपानंतर दोन तासांनी जेसन-१ नावाचा उपग्रह योगायोगाने बंगालच्या उपसागरावरून गेला तेव्हा त्याला भर समुद्रात लाट दिसली ती फक्त ६० सेंमी उंच. साडेचार पट केलं तर पावणेतीन मीटर होतात, आणि हे तळ एकसारखा चढत असेल तर. पुढे खाडी अरुंद होत गेली, किंवा तळाने लाटा एका जागी गोळा केल्या, की त्याहून कितीतरी वर जातं.

गोळा करणं म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि बातम्यांत नेमकं तेच राहून जातं. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमची लांब रांग चाललीये असं समजा, आणि रांगेचं डावं टोक चिखलात शिरलं. तिकडची पोरं मंदावतात, उजवीकडची त्याच वेगात पुढे जातात, मग अख्खी रांग डावीकडे, चिखलाकडे वळते. लाट पण तशीच उथळ भागाकडे वळते. त्यामुळे तळावर लांबच लांब डोंगररांग असेल तर दोन्ही बाजूंनी लाटा तिच्यावर वळत राहतात आणि ऊर्जा त्या रांगेवरून पाटाच्या पाण्यासारखी वाहत जाते, फार पसरतच नाही. खोल घळई असेल तर उलट, लाट घळईपासून दोन्हीकडे फाकते आणि घळईच्या तोंडाशी असलेल्या किनाऱ्यावर जरा कमी येते. २००४ ची लाट हिंदी महासागराच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगररांगेवरून आणि मग अटलांटिकच्या मधल्या रांगेवरून अशीच वाहत गेली. सुमात्रापासून १७०० किमीवरच्या कोकोस बेटावर जेवढी लाट मोजली त्याहून जास्त कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आणि पेरूतल्या कायाओला मोजली गेली! जग ओलांडून गेलेली लाट जवळच्यापेक्षा मोठी. तळ लक्षात घेतल्याशिवाय याचं उत्तर मिळतच नाही.

आता तुमची गावं. मालदीवची बेटं खोल समुद्रातून भिंतीसारखी सरळ वर येतात. एवढ्या लांब लाटेला तो चढ म्हणजे एक पायरी, आवळून उंच व्हायला जागाच मिळाली नाही, बरंचसं पाणी बेटांमधल्या खोल वाटांनी निघून गेलं, काही परत फिरलं. बेटांवर पाणी पुरासारखं चढलं, नुकसान भयंकर झालं, पण उंच भिंत होऊन कोसळलं नाही. नागपट्टणमला सपाट किनारा, वर चढत येणारा तळ, आणि लाट समोरून. बांगलादेशच्या बाबतीत दोन गोष्टी: सुमात्रा-अंदमानची भेग उत्तर-दक्षिण पडली, म्हणून मुख्य जोर पूर्व-पश्चिम गेला, उत्तरेला कमी. आणि गंगेच्या गाळाने भरलेला तिथला तळ इतका दूरवर उथळ आहे की येता येता बराच जोर तळाशी घासून गेला.

पाटीपेन्सिल

वा, ताई! मी शाळेत विज्ञान शिकवतो. केरळच्या प्रश्नावर माझ्याकडे घरगुती उत्तर आहे, आठवीच्या मुलांना दाखवतो.

मोठी परात घ्यायची, पीठ मळायची नाही, लग्नकार्यातली मोठी. एका बाजूला खाली दुमडलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे तिकडे पाणी उथळ. दोन बोटं पाणी भरायचं. खोल बाजूला पट्टी उभी धरून एकदाच हलकेच पुढे ढकलायची आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करायचं. उथळ बाजूला गेल्यावर लाट मंदावते आणि उठते ते स्पष्ट दिसतं. मग मध्ये एक वाटी पालथी घालायची. पोरांना आधी विचारतो, वाटीच्या मागे काय होईल? सगळी सांगतात, मागे शांत राहील, वाटी अडवेल. मग व्हिडिओ बघतात, तर लाट वाटीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून येते आणि बरोब्बर मागे दोन्ही तुकडे एकमेकांवर आदळून तिथे फुगवटा उठतो. पोरांचे डोळे असे मोठे होतात!

वाटी म्हणजे श्रीलंका. बेटाभोवती उथळ पाण्याचा काठ असतो, त्या काठाला लाट चिकटून वळते, तशीच कन्याकुमारीलाही वळली, वरून मालदीवच्या बाजूने परत फिरलेल्या लाटा येऊन मिळाल्या, म्हणून आलप्पाडला दुपारच्या सुमारास तो तडाखा. भूकंप आपल्या घड्याळाने सकाळी साडेसहाच्या आत-बाहेर, म्हणजे कितीतरी तासांनी. तोपर्यंत तामिळनाडूच्या बातम्या टीव्हीवर सुरू झालेल्या होत्या आणि तरी केरळच्या त्या बाजूला कोणाला वाटलं नाही की आपल्याकडे पण येईल, कारण आपण आडोशाला. याचं मला फार वाईट वाटतं.

याच्याही आधीचं उदाहरण आहे, १२ डिसेंबर १९९२, इंडोनेशियातलं फ्लोरेस. तिथलं बाबी नावाचं बेट जवळजवळ गोल. लाट उत्तरेकडून आली आणि दक्षिणेला, आडोशाला असलेली दोन गावं साफ झाली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या मोठ्या हौदात शंकूसारखं बेट बांधून हेच करून बघितलं, माझ्या परातीतलंच पण मोजून मापून.

वेसावकर

कोकणाचं विचारलंय म्हणून लिहितो. आमचं घर वर्सोव्याला, पिढ्यान् पिढ्या. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे मकरान किनाऱ्यावर, आताच्या पाकिस्तानातल्या पसनीजवळ, ८.१ चा भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत आली हे आपल्याकडे कितीजणांना माहीत आहे? मुंबईत पाणी दोन मीटर चढल्याची नोंद आहे, नांगरलेल्या होड्या सुटल्या, वर्सोवा, हाजीअली, जुहू, दांडा इथली नावं नोंदीत आहेत, माणसं वाहून गेली. आमची आजी सांगायची की भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस होते, पाणी उतरत होतं, आणि उतरता उतरता मध्येच परत चढायला लागलं. तिला त्सुनामी शब्द माहीत नव्हता. ती म्हणायची "त्या दिवशी दर्या वेळ चुकला".

मला ताईंना विचारायचंय, भूकंप पहाटे साडेतीनच्या सुमारास आणि मुंबईत लाट दिसली ती सकाळी सव्वाआठच्या सुमारास अशी नोंद वाचलीये. पसनी ते मुंबई अंतर हजार-बाराशे किमी. ताशी सातशेने आली तर पावणेदोन तासांत यायला हवी ना? पाच तास कुठे गेले?

उथळपाणी

वेसावकर, तुमच्या पाच तासांतले बरेचसे मुंबईसमोरच्या उथळ पाण्यात गेले. तुमचा हा प्रश्न मी आता वर्गात विचारणार.

आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर जमिनीचाच एक पाण्याखालचा ओटा आहे, त्याला खंडमंच म्हणतात. मुंबईसमोर तो सुमारे ३०० किमी रुंद आहे, दक्षिणेकडे तो निमुळता होत जातो. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किमीवर आहे आणि तरी तिथे पाणी साधारण ७५ मीटरच. आता गणित करा. पहिले आठ-नऊशे किमी तीनेक हजार मीटर पाण्यातून, ताशी सहाशेच्या हिशोबाने दीड तास. मग ओट्यावर चढली की सरासरी ७५ मीटर धरले तर वेग ताशी ९८, म्हणजे उरलेल्या तीनशे किमीला तीन तास, शेवटच्या पट्ट्यात त्याहून कमी वेग. झाले की पावणेपाच-पाच! अंतराच्या पाव भागाला वेळाचे दोन तृतीयांश.

सिंधुसागर

म्हणजे आपण सेफ ना? एवढा रुंद उथळ ओटा आहे, तो ब्रेकसारखा काम करणार, सगळा जोर वाटेतच जाणार. बांगलादेशचं पण तेच सांगितलंत.

उथळपाणी

अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं धोक्याचं आहे, म्हणून नीट लिहिते. ओट्याच्या कडेला काही ऊर्जा परत फिरते, ओट्यावर काही घासून जाते, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वेळ मिळतो. हे खरं. पण जे पाणी ओट्यावर चढतं ते लवकर परत जात नाही. किनाऱ्यावरून परत फिरलेली लाट बाहेर जाताना ओट्याच्या कडेशी येते, तिथे एकदम खोल पाणी, आणि मघाशी सांगितलं तसं लाट उथळाकडे वळते, त्यामुळे बरीचशी वळून पुन्हा किनाऱ्याकडेच येते. किनाऱ्याला समांतर अशी ती मागे-पुढे हेलकावत राहते, कित्येक तास. १९४५ ला कराचीला पहिली लाट पहाटे साडेपाचला आणि सगळ्यात मोठी सव्वाआठला होती. त्यामुळे पहिली लाट येऊन गेली, फार काही झालं नाही, चला घरी, असं करायचं नाही. आणि त्यात भरतीची वेळ गाठली तर? १९४५ ला भांग होता म्हणतात आजी, उधाण असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

पलीकडचा_किनारा

मी अमेरिकेत ओरेगॉनच्या दक्षिण भागात राहतो. "पहिली लाट गेली चला घरी" यावर इथलंच उदाहरण देतो. सीमेपलीकडे कॅलिफोर्नियात क्रेसेंट सिटी म्हणून छोटं बंदर आहे. पॅसिफिकमध्ये कुठेही काही झालं की त्रास याच गावाला. १९६४ ला अलास्काचा भूकंप झाला, पहिल्या लाटा बेताच्या होत्या, लोक परत येऊन दुकानं साफ करायला लागले आणि चौथी लाट सगळ्यात मोठी आली, ११ माणसं गेली. १५ नोव्हेंबर २००६ ला तर कुरील बेटांजवळ, हजारो किमीवर भूकंप झाला, बाकी किनाऱ्याला जवळपास काही झालं नाही, इथे बंदराचे धक्के मोडले. मोठी लाट पहिलीनंतर दोन तासांहून उशिरा आली. २०२५ च्या जुलैत कामचाटकाला ८.८ चा झाला तेव्हाही बातम्यांत हेच गाव.

कारण परत तळच. मेंडोसिनो नावाचा समुद्राखालचा लांबलचक कडा पॅसिफिकमधून थेट याच बाजूला येतो आणि लाटेला वाट दाखवतो. वाटेत एम्परर रांगेतले बुडालेले ज्वालामुखी आहेत, त्यांच्यावर आदळून फुटलेले तुकडे उशिराने पोचतात, म्हणून मोठी लाट मागून येते. आणि बंदरासमोरच्या ओट्याचा स्वतःचा ठोका, म्हणजे तिथलं पाणी एकदा वरखाली हेलकावायला लागणारा वेळ, वीसेक मिनिटांचा आहे, लाट त्याच ठोक्यात आली की झोपाळ्यासारखं, प्रत्येक हिंदोळ्याला वर. मी त्या धक्क्यावर उभा राहिलोय. समोर अगदी शांत निळं पाणी, बघून काही म्हणजे काही कळत नाही की खाली काय आहे.

पाटीपेन्सिल

झोपाळा बरोबर. जपानच्या सानरिकू किनाऱ्याला पण तेच, अरुंद होत जाणाऱ्या खाड्या. १८९६ ला तिथे पाणी ३८ मीटरपर्यंत चढलं, सुमारे २२ हजार माणसं गेली, आणि बाहेर समुद्रात असलेल्या कोळ्यांना लाट खालून गेलेली कळलीसुद्धा नाही, ते परत आले तेव्हा बंदर राहिलेलं नव्हतं. त्सुनामी शब्दाचा अर्थच बंदरातली लाट. २०११ ला त्याच किनाऱ्यावर मियाकोजवळ चाळीस मीटर.

हर्णैचा_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावलं नव्हतं. हे सगळं वाचून काल रात्री बाबांना फोन केला. आधी त्यांचे आठ वाव मोजले, साडेचौदा मीटर, म्हणजे ताशी ४३ किमी. त्यांना सांगितलं तर म्हणाले, आपला मचवा पळणार नाही एवढा. मग मी जपानच्या कोळ्यांचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि त्यांनी विचारलं, मग आपल्याकडे तसं झालं तर होडी बाहेर खोल पाण्यात काढायची की बंदरात ठेवायची? मला उत्तर देता आलं नाही. ताई, तुम्ही सांगाल का?

उथळपाणी

बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर मुद्द्याला हात घातला. खोल पाण्यात होडी सुरक्षित हे जपानला खरं आहे कारण तिथे बंदरातून बाहेर पडलं की लवकरच खोल पाणी लागतं. किमान शंभरेक मीटर तरी पाणी हवं. हर्णैसमोर तेवढं पाणी गाठायला शंभर किमीच्याही पलीकडे जावं लागेल. ट्रॉलर ताशी पंधरा किमी धरला, मकरानला भूकंप झाला आणि इशारा लगेच मिळाला, इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेचं हैदराबादचं केंद्र २००७ पासून हेच काम करतंय, समुद्रतळावर दाब मोजणारी यंत्रं ठेवलीयेत, तरी चार तासांत साठ किमी होतील. म्हणजे लाट अंगावर येईल तेव्हा होडी अजून उथळ ओट्यावरच असणार. म्हणून जे आधीच लांब समुद्रात आहेत त्यांनी तिथेच थांबायचं, इशारा उठल्याशिवाय बंदराकडे यायचं नाही. जे बंदरात आहेत त्यांनी होडीच्या नादाला न लागता घरच्यांना घेऊन टेकडीवर जायचं. कोकणाला ती एक चांगली देणगी आहे, किनाऱ्याच्या पाठीला डोंगर लगेच आहे. चार तास हे होडी वाचवायला पुरत नाहीत, पण अख्खं गाव चालत वर जायला भरपूर आहेत.

आणि एक. जगाचा समुद्रतळ नीट मोजून नकाशात आला आहे तो अजून जेमतेम पाव भाग. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तर गाळ सारखा हलत असतो. तुमच्या बाबांच्या डोक्यात हर्णैपासून बाहेरचा जो तळ आहे, कुठे किती वाव, कुठे खडक, कुठे चिखल, तो वहीत उतरवून ठेवा. मला खरंच बघायला आवडेल.

हर्णैचा_पोर

शनिवारी गावी जातोय. शिसं अजून माळ्यावर आहे म्हणाले.